अन्नपूर्णेच्या नाकाला कोणतं मलम?

पोरांनो, जरा कल्पना करा. सकाळी तुम्ही तोंड धुवायला उठलात, आरशात पाहिलं, तर नाकाच्या शेंड्यावर मुगाच्या दाण्याएवढा लालबुंद मुरूम! हनुवटीवर आणखी तीन. कपाळावर तर इतके, की मोजायला पाटी-पेन्सिल घ्यावी. आता आणखी थोडी कल्पना करा. बारा दिवसांनी, शनिवारी, शाळेत फोटोवाला येणार आहे. तुम्हांला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी माणसाचा फोटो आयुष्यात दोनदाच निघायचा. एकदा लग्नात, आणि दुसरा भिंतीवर लावतात तो, जो पाहायला तो माणूस नसायचा. अशा काळात तुमचा पहिलावहिला फोटो, आणि नाकावर मूग. झाली कल्पना? मग तुम्ही आता माझी भाची अन्नपूर्णा झालात. पुढं वाचा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मेहकरहून एस.टी.नं अर्ध्या तासावरच्या एका गावात मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो आणि अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या शाळेतल्या शेवटच्या वर्गाचा, वर्गशिक्षक होतो. अन्नपूर्णा आमच्याकडे राहून अकरावीत शिकत होती. तिची आई, म्हणजे माझी बहीण अंबू, हिवऱ्याला असायची आणि दर पत्रात शेवटी लिहायची, 'पोरीचा फोटो निघाला की पहिल्यांदा मले पाठवजो.'

आणि पोरीनं जेवताना जाहीर केलं, "मामा, मी फोटोत नाही येत."

"काऊन वं?"

"माह्या तोंडाकडं पाहा ना!"

मी पाहिलं. शिक्षकानं खोटं बोलू नये, पण मामानं थोडं बोलायला हरकत नसते. म्हणालो, "मले तर काही दिसत नाही."

"आधी चष्मा लावा," माझी बायको, सत्यभामा, भाकरी थापता थापता म्हणाली.

अन्नपूर्णा ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत निघाली ती माझा लोकरीचा मफलर तोंडाला गुंडाळून. फेब्रुवारी सरत आला होता. उन्हानं डांबर मऊ पडायची वेळ आली होती, आणि ही पोरगी फक्त डोळे उघडे ठेवून हिमालय चढायला निघाल्यासारखी चालली होती.

मी तेव्हाच ठरवलं. शनिवारी अन्नपूर्णा फोटोत असेल, आणि मलम मी आणीन. असलं तसलं नाही, तिच्या कातडीला योग्य असं. मी भूगोलाचा मास्तर होतो. कोणत्या मातीत काय उगवतं आणि काय उगवू नये म्हणून काय करावं, हे मला कळायलाच हवं होतं.

औषधांचं दुकान गावात एकच, माणिकरावांचं. तिथं औषधांबरोबर चहापत्ती, बॅटरीचे सेल आणि रंगीत खडूही मिळत. मुरमांचं मलम मागितल्यावर त्यांनी तीन वस्तू काढून फळीवर ठेवल्या. पहिल्या डबीवर एक गोरीपान बाई हसत होती. दुसऱ्या बाटलीवर बर्फाचा डोंगर होता. तिसरी डबी साध्या पत्र्याची; तिच्यावर चित्र नव्हतं, पण तिला वास होता. विझलेल्या फटाक्याचा.

"गंधकाचं आहे," माणिकराव नाकाला धोतराचा सोगा लावत म्हणाले. "बरं, कोण्या कातडीले पाह्यजे?"

"माणसाच्या."

"तसं नाही मास्तर! तेलकट आहे का कोरडी? काही लोकाईची नाकावर तेलकट अन् गालावर कोरडी असते. कातडी पाह्यल्याबिगर मलम घेणं म्हणजे जमीन पाह्यल्याबिगर बियाणं घेणं. अन् तेलकट निघाली, तर घरी आठ दिवस तेलाची फोडणी बंद करजा."

कातडी ओळखायची कशी, हेही त्यांनी सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुण्याआधी, नाकावर पातळ कागद दाबून धरायचा. तेलाचा डाग पडला की कातडी तेलकट.

मास्तराच्या घरात कागदाला काय तोटा? पातळ कागद मात्र शोधूनही सापडेना. मग मला टीपकागद आठवला. तुम्हांला टीपकागद माहीत नसेल. शाईनं लिहिलं की वरून तो दाबायचा, जास्तीची शाई तो पिऊन टाकायचा. माझ्या टीपकागदानं चार महिन्यांची शाई प्यायली होती. सकाळी मी तो अन्नपूर्णेच्या नाकावर पाच मिनिटं दाबून धरला. कागदानं तेल घेतलं आणि त्याच्या मोबदल्यात शाई दिली. त्या दिवशी मफलरच्या आत नाक निळं होतं. पण शास्त्राला निकाल मिळाला. कातडी तेलकट!

सत्यभामेनं त्याच दिवसापासून फोडणी बंद केली. वरण बिनफोडणीचं, भाजी पाण्यात शिजवलेली. मी म्हणालो, "मुरमं तिले आहेत, फोडणी माही काऊन बंद?" ती म्हणाली, "प्रयोग तुमचा आहे ना? मंग खा."

आता तीन मलमांतलं एक निवडायचं होतं. मी ओट्यावर बसून माणिकरावांकडून आणलेली तिन्ही मलमं पुढं मांडली होती, तेवढ्यात शेजारचे इंद्रभान आले. हे मूळचे देऊळघाटचे, घरचा भाजीपाल्याचा मळा. आमच्या गावात ग्रामसेवक होते. सारं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, नवं बियाणं कोणी एकदम सगळ्या वावरात पेरते का? आधी वाफे पाडा. एका वाफ्यात एक, दुसऱ्यात दुसरं. जे मानवन ते पुढं."

"पोरीच्या तोंडावर वाफे पाडू?"

"पोरीच्या काऊन? आपलं तोंड काय दुसऱ्या कामाचं आहे?"

हे मला लागलं, पण पटलं. मी माझ्या तोंडाचे तीन वाफे पाडले. डाव्या गालावर गोऱ्या बाईचं, उजव्यावर बर्फाच्या डोंगराचं आणि कपाळावर फटाक्याचं. तीन दिवस नेमानं लावलं. चौथ्या दिवशी डावा गाल पुरीसारखा फुगला. उजव्या गालावर लाल रवाळ पुरळ आलं. कपाळ मात्र शांत होतं. वास सोडला तर त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. तेव्हा योग्य मलम गंधकाचं! मला न्यूटनला झाला असेल तेवढा आनंद झाला. न्यूटनला मात्र दाढी करता येत असणार. मला येईना. दोन्ही गालांवर वस्तरा टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी दाढी वाढू दिली.

मलमाच्या डबीत एक घडी केलेला कागद होता. अन्नपूर्णेनं तो पहिल्यांदा उघडून वाचला आणि माझ्यापुढं धरला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सहा आठवडे नेमाने लावल्यास गुण येतो.'

फोटोला सात दिवस उरले होते.

पोरांनो, इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. कातडीचं कोणतंही औषध आठ दिवसांत चमत्कार करत नाही. जे करतं असं सांगतात, त्याच्या डबीवर गोरी बाई असते. पण तेव्हा मला घाई होती. इंद्रभानांनी तोड सांगितली, "जोडीले कडुनिंब घ्या. पाला वाळवा, पाण्यात उकळा, त्या पाण्यानं तोंड धुऊ द्या." सत्यभामेनं मोठमोठे डहाळे आणले. अंगणात टाकावे तर बकऱ्या खातील, म्हणून वारा-ऊन लागेल अशा जागी टांगले. अशी जागा घरात एकच होती. पुढच्या दाराची चौकट.

आता तुम्ही माझ्या अंगणातून रस्त्यावर जा आणि तिथून आमच्या घराकडं पाहा. दारावर कडुनिंबाचे डहाळे. घरमालकानं दाढी केलेली नाही. घरातून चार-पाच दिवस फोडणीचा वास नाही. एक पोर तोंड झाकून हिंडते आहे. तुम्हांला काही वाटणार नाही. पण त्या काळच्या कुठल्याही माणसाला विचारा. देवीचा रोग घरात आला की लोक अगदी हेच करायचे. दाराला कडुनिंब बांधायचा, पुरुषानं दाढी करायची नाही, तेलाची फोडणी द्यायची नाही. देवी हा फार वाईट रोग होता, पोरांनो. जगभरातून तो आता गेला म्हणून तुम्हांला त्याचं नाव ठाऊक नाही. एका मलमापायी मी त्याच्या साऱ्या खुणा माझ्या घरावर लावून ठेवल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिल्यांदा दूधवाला दूध रस्त्यापलीकडं दगडावर ठेवून गेला. मला वाटलं, पाय दुखत असेल. मग संध्याकाळी समोरच्या गोजरबाई आल्या. सत्तरीच्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या आजी. त्यांनी उंबऱ्यावर तांब्याभर थंड पाणी ओतलं, दाराला हात जोडले आणि म्हणाल्या, "शांत राह्य वं माय. लेकरू गरीब आहे."

"कोण लेकरू? आजी, काय झालं?"

माझ्या तोंडाकडं पाहून त्या दोन पावलं मागं सरल्या. "अवं माय! तुमच्याही आंगात आली का?"

"आजी, हे मलमानं झालं!"

"हाव बाप्पा, हाव. मलमानंच झालं." देवी अंगात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. जाताना ओट्यावर दहीभात ठेवून गेल्या. देवीला थंड आवडतं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या घराघरांतून दहीभात येऊ लागला. खोटं कशाला बोलू, पाच-सहा दिवस पाण्यातली भाजी खाल्लेल्या माणसाला तो अमृत वाटला. तिसऱ्या घरच्या भातावर तर डाळिंबाचे दाणे होते. मी दोनदा रस्त्यावर उभं राहून ओरडून खुलासा केला. दोन्ही वेळा लोकांनी हात जोडले.

मंगळवारी आरोग्याच्या कचेरीतून गुलाबराव आले. गावोगाव फिरून लस टोचायचे, म्हणून सगळे त्यांना देवी डॉक्टर म्हणत. ते नालीच्या पलीकडंच थांबले.

"रोगी कोण?"

"रोगी नाही. मुरमं आहेत, भाचीच्या तोंडावर."

"अन् हे तुमच्या तोंडावर?"

"हे वाफे आहेत."

गुलाबरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ते नाली ओलांडून आले, मला जवळून पाहिलं, तळहात पाहिले, आणि म्हणाले, "तुमचं काही नाही. देवीचे फोड तळहाताले बी येतात. आता पोरीले आणा. पाहीन, छापील नमुन्यात फोडांची संख्या लिहीन, अन् मोकळे."

फोडांची संख्या! हे शब्द आत पोचले आणि स्वयंपाकघराची कडी आतून लागली. सत्यभामेनं विनवलं, मी विनवलं, गुलाबरावांनीही दारापाशी जाऊन विनवलं, "बाई, एक मिनिट लागते." आतून आवाज आला, "माह्यं तोंड मोजाले मी काय जनावराच्या बाजारात आली का?"

गुलाबरावांनी वही उघडली. त्यांनी लिहिलं, 'रोग्याने तोंड दाखविले नाही. घर संशयित.' आणि आम्हां दोघांना व अख्ख्या गल्लीला लस टोचून ते गेले. बुधवारी हेडमास्तर शंकररावांची चिठ्ठी आली. संशयित घरातल्या कुणीही, शिक्षक असो वा विद्यार्थी, दाखला आणल्याशिवाय शाळेत पाऊल ठेवू नये.

मी कचेरीत गेलो. कारकुनानं मला खिडकीपासून चार हात लांब उभं केलं.

"देवी असल्याचा दाखला देता येते," तो म्हणाला. "नसल्याचा छापील नमुनाच नाही."

"म्हणजे मला देवी झाल्या तर कागद मिळेल, नाही झाल्या तर नाही?"

"हाव. का देवी डॉक्टरनं तपासलं असं लिहून द्यावं. पण त्यांच्या वहीत तर लिहेल आहे, तोंड दाखवलं नाही."

म्हणजे सगळं पुन्हा अन्नपूर्णेच्या तोंडाशी येऊन अडलं. घरी आलो तर ती मफलर न बांधता, आठ दिवसांत पहिल्यांदा गाणं गुणगुणत तांदूळ निवडत होती. फोटोला जायचं नाही, तेही सरकारी हुकुमानं! याहून मोठं सुख काय? सत्यभामा माझ्या कानाशी म्हणाली, "दटावा न तिले जरा." मी नाही म्हणालो. मास्तरकीत एक शिकलो आहे. पोराला दटावून उत्तर काढता येतं, पण ते त्याचं नसतं. पोरीचं तोंड पोरीचं. दाखवायचं की नाही, तिनं ठरवावं.

मात्र मनातून मी खट्टू झालो होतो. अकरावीचा वर्गशिक्षक म्हणून सहा वर्षं, सहा फोटो. दर फोटोत हेडमास्तरांच्या उजव्या हाताची खुर्ची माझी. यंदा त्या खुर्चीवर ड्रिल मास्तर बसणार होते. अन्नपूर्णेला हे मी सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी सवयीनं मी दाढी केली. गाल आता बरे होते. काळा कोट अंगात चढवला, टोपी घातली, आरशात पाहिलं, आणि मग आठवलं. कोट काढू लागलो, तर मागं अन्नपूर्णा उभी.

"मामा, तुम्ही बी नाही जाणार?"

"घर संशयित आहे ना बाई. घरात मी बी येतो."

मी कोट पुन्हा घातला. म्हटलं, आत नाही तर नाही, फाटकाबाहेरून पोरांना पाहू. कुंपणाला हात लावला तर हेडमास्तरांना चालणार नाही, म्हणून हात मागं बांधून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

आत चिंचेखाली सगळी मांडणी झाली होती. मेहकरहून आलेला फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून बाहेर काढत होता. खुर्च्यांवर शिक्षक, मागं बाकांवर पोरं, पुढं सतरंजी. गुलाबराव व्हरांड्यात पाचवीच्या पोरांना लस टोचत होते. माझ्या वर्गातला एकजण ओरडला, "सर, आत या नं!" हेडमास्तर म्हणाले, "शांतता!" आणि माझ्या खुर्चीवर ड्रिल मास्तर बसले. बसताना त्यांनी मिशांना पीळ दिला. तो मला रस्त्यावरून दिसला.

तेवढ्यात माझ्या बाजूनं कुणीतरी झपाझप गेलं. मफलर गुंडाळलेलं. शिपाई तुळशीराम फाटकात आडवा झाला, तर ती त्याच्या हाताखालून वाकून आत शिरली.

"अन्नपूर्णा! थांब!" हेडमास्तर उभे राहिले. "दाखला कुठं आहे?"

ती थेट व्हरांड्यासमोर जाऊन भर उन्हात उभी राहिली. मफलर सोडला. आधी दोन्ही तळहात गुलाबरावांपुढं उलटेसुलटे करून दाखवले. मग तोंड वर केलं.

"मोजा," ती म्हणाली.

गुलाबराव सुई ठेवून खाली आले. त्यांनी नाक पाहिलं, हनुवटी पाहिली, कपाळाशी आल्यावर पुटपुटत ओठ हलवू लागले. "सतरा," ते म्हणाले. "देवी नाही. साधी मुरमं आहेत."

मागच्या बाकावरचा एक पोरगा फिसकन हसला. दुसरा हसला. मग बाकभर हसू पसरलं. मला वाटलं, आता ही पळणार.

ती पळाली नाही. ती बाकांपुढं गेली. "साहेब," ती गुलाबरावांना म्हणाली, "लेहून घ्या." आणि पहिल्या पोराच्या तोंडाकडं बोट केलं. "हा हसला नं? गालावर नऊ. पावडर लावेल आहे, पण नऊ आहेत. हा, अकरा. हा गाल झाकून राह्यला, हात काढ बे! बारा. आमचं घर संशयित असन, तर ह्या सगळ्याइचं लेहा."

हसणं थांबलं. एकेक हात एकेका गालावर गेला. बाक संपवून ती खुर्च्यांपाशी आली. ड्रिल मास्तर मिशांसकट मागं सरले. तिचं बोट हेडमास्तरांसमोर आलं, आणि हनुवटीशी थांबलं. तिथं एक होता. लहानसा, पण होता.

शंकररावांनी दोन बोटांनी हनुवटी झाकली. "तुळशीराम," ते दुसरीकडं पाहत म्हणाले, "सरांना आत घे."

गुलाबरावांनी वहीचं पान तिथल्या तिथं भरून दिलं. ड्रिल मास्तर एक खुर्ची सरकले. मी माझ्या जागी बसलो. फोटोवाल्यानं कापडातून डोकं बाहेर काढलं. पहिल्या रांगेत, सतरंजीच्या अगदी मधोमध, अन्नपूर्णा मांडी घालून बसली होती.

"बाई, ऊन सरळ तोंडावर येऊन राह्यलं," तो म्हणाला. "जरा मागं सरका, नाही तर सगळं दिसन."

अन्नपूर्णा वीतभर पुढं सरकली.